फुकटवाला चालत नव्हता तेव्हा

भाऊ हॉस्पिटलातून घरी आला त्या दिवशी त्याने चहासुद्धा घेतला नाही. उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत, गळ्यात झोळी. तसाच कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी गेला आणि डाव्या हाताने बटण दाबलं. मी स्वयंपाकघरात उभी होते. आता त्याला काय दिसणार हे मला ठाऊक होतं, आणि मी ते त्याला सांगितलं नव्हतं.

"ताई, हे काय आहे?"

"लिनक्स."

"आणि माझा गेम?"

मी गॅस बारीक केला, मोठा केला, पुन्हा बारीक केला. "विंडोज काढलं मी. चोरीचं होतं ते."

तो माझ्याकडे बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी ओरडायला तयारच होते, माझा स्वभावच तसा. पण तो उठला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. आई मला म्हणाली, "तुला दुसरा मुहूर्त मिळाला नाही?"

नव्हताच मिळाला. खरं सांगायचं तर तो हॉस्पिटलात असतानाच मी ते मुद्दाम केलं होतं. तो घरी असता तर त्याने गेमपायी विंडोजला हात लावू दिला नसता.

दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. वडील जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. माणिकपूरला स्टेशनपासून दहा मिनिटांवर आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. मी जवळच्याच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान, आयटीआय करून सातिवलीला एका छोट्या कारखान्यात प्रेस मशीनवर लागलेला. पत्र्याची झाकणं ठोकायचं मशीन. हात आत जाऊ नये म्हणून असलेली त्याची जाळी शेठने काढून ठेवली होती, कारण जाळी असली की काम हळू होतं. एका दुपारी मशीन खाली आलं आणि उजव्या हाताच्या, अंगठ्याशेजारच्या पहिल्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या. बोटं राहिली, शिरा डॉक्टरांनी शिवल्या. शेठ हॉस्पिटलात आला, बिल भरलं आणि मला म्हणाला, "ताई, बिल्कुल टेन्शन घेऊ नका. काय पण लागलं तर सांगा." मी त्याला सगळ्या वॉर्डासमोर म्हटलं, "तुमच्याकडचं पाणीसुद्धा नको आम्हाला. चला निघा."

असं बोलायला मला फार आवडायचं तेव्हा.

क्लासमध्येही तसंच. चोरीचं सॉफ्टवेअर वापरणं म्हणजे चोरीच, असं भाषण देऊन मी आमच्या घरची विंडोजची सीडी पोरांसमोर दोन तुकडे करून टाकली होती. टाळ्या पडल्या. अस्सल विंडोज विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून घरी फुकट मिळणारं लिनक्स. आता त्यात विंडोजचे गेम चालत नाहीत त्याला मी काय करू?

पट्टी सुटायला आणखी तीन आठवडे होते म्हणून ते तेवढ्यावर निभावलं. पट्टी सुटली आणि खरी कटकट सुरू झाली. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी त्याला मूठ मिटायला सांगितली. दोन्ही बोटं काठीसारखी ताठ. त्यांनी मोजपट्टी घेऊन बोटाचं टोक आणि तळहात यांतलं अंतर मोजलं. पाच सेंटिमीटर.

"सहा आठवडे आहेत," त्या म्हणाल्या. "शिरा आतून चिकटायला लागल्यात. बोटं हलवली तर सुटतील. नाही हलवली तर पुन्हा उघडावं लागेल, आणि पुन्हा उघडलेलं बोट पहिल्यासारखं होईलच अशी खात्री मी देणार नाही."

रबराचा चेंडू दिला. दिवसातून दहा वेळा दाबायचा. भावाने घरी येऊन तो कपाटावर ठेवला. व्यायाम म्हटला की तो हाताकडे बघायचा, आणि हाताकडे बघितलं की त्याचा चेहरा पांढरा पडायचा. आईने विनवण्या केल्या, मी ओरडले, डॉक्टरबाई रागावल्या. एकदा तो मला म्हणाला, "दाबायला गेलो की मशीनचा आवाज येतो." 

एकच गोष्ट त्याने मागितली. गेम.

तो गेम त्याने पहिल्या पगारातून घेतला होता, दादरहून, अस्सल, डब्यासकट. आपलं गाव वसवायचं, शेतं करायची, लाकूडफाटा जमवायचा आणि मग शेजारच्या राजाशी लढायचं. सगळं माऊसवर. डॉक्टरबाई खूश झाल्या. म्हणाल्या, "उत्तम! माऊस उजव्या हातात धरायचा, पहिल्या बोटाने क्लिक. खेळू दे त्याला हवं तेवढं."

आई म्हणाली, "माणिकपूरच्या त्या दुकानातून विंडोज टाकून आण ना परत. शंभर रुपयांत टाकतो तो."

"नाही."

"अगं, भावाचा हात आहे!"

"मी चालवते ना त्याचा गेम! लिनक्सवरच चालवते!"

चालवायची सोय होती. लिनक्स आणि विंडोजचा गेम यांच्यामध्ये दुभाष्यासारखं बसणारं एक सॉफ्टवेअर होतं. गेम विंडोजला हाक मारणार, हा दुभाष्या ती ऐकून लिनक्सकडून काम करून घेणार, गेमला पत्ताच नाही. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, अगदी फुकट. आमच्या घरात त्याला फुकटवाला म्हणायचे.

घरी इंटरनेट नव्हतं. मी सायबर कॅफेत बसून लोकांनी लिहिलेले उपाय छापून आणायचे आणि क्लासला जायच्या आधी आम्ही बसायचो. आमच्याकडे तेव्हा रोज भारनियमन. जवळच्या चर्चची बाराची घंटा झाली की पाच-दहा मिनिटांत वीज जायची, म्हणून दहा ते बारा एवढाच वेळ. मी कागद घेऊन खाटेवर, भाऊ कॉम्प्युटरसमोर. मी वाचायचं, त्याने टाइप करायचं. क्लासमधला माझा नियमच होता तो. विद्यार्थ्याच्या कीबोर्डला शिकवणाऱ्याने हात लावायचा नाही, नाहीतर तो जन्मात शिकत नाही. घरातही मी तो सोडला नाही. एक सूट तेवढी दिली. वरचा बाण दाबला की आधी टाइप केलेली आज्ञा आपोआप परत येते, हे मी त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं.

"स्लॅश. होम. स्लॅश. आता टिंब. टिंब म्हटलं मी, स्वल्पविराम नाही!"

"दिसतंय मला."

"मग चुकतोस कशाला?"

पहिल्या आठवड्यात गेम उघडलाच नाही. दुसऱ्या आठवड्यात काळा पडदा आणि बंद. मग एकदा सुरुवातीचं संगीत वाजलं. आई देवापुढून धावत आली, आणि तेवढ्यात पडद्यावर अक्षरं आली, की गेमची सीडी टाका. सीडी आतच होती. अस्सल होती! गेम आपली सीडी खरी की नक्कल हे तपासायचा आणि नेमका तिथेच फुकटवाला अडकायचा. आमच्या घरातली एकुलती एक प्रामाणिकपणे विकत घेतलेली सीडी, आणि तीच चालेना. नक्कल असती तर कुलूप फोडलेली असती, सुखात चालली असती. मी कागद फाडले.

त्यावरचा उपाय मला माहीत होता. एका कंपनीने हाच फुकटवाला घेऊन त्यात गेमसाठी भर घातली होती, सीडी तपासायची परवानगीही रीतसर मिळवली होती आणि महिन्याच्या वर्गणीवर ते विकायला काढलं होतं. लोकांनी फुकट दिलेल्या भाजणीच्या चकल्या करून विकायच्या, असला प्रकार. माझ्या डोक्यातच गेला होता तो. शिवाय पैसे भरायचे डॉलरमध्ये, परदेशी चालणाऱ्या क्रेडिट कार्डावर. आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये तसं कार्ड कुणाकडे नव्हतं. ओळखीत एकाच माणसाकडे होतं. शेठकडे. तो मशीन बघायला परदेशी जायचा.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी भावाने कीबोर्ड ढकलला. "ताई, ते पैशाचं का नाही आणत?"

"कुणाकडून आणू? ज्याने जाळी काढली त्याच्याकडून?"

"हात माझा गेलाय. राग तू कशाला धरून बसलीस?"

"मी तुझ्यासाठीच—"

"माझ्यासाठी नाही. तू तुझं खरं करतेस. विंडोज काढलंस ते तुझं खरं करायला, दुकानात जात नाहीस ते तुझं खरं करायला. माझा हात जाईल त्यात, मग काप हातपण दोन तुकडे करून पोरांसमोर."

मी त्याच्या कानाखाली मारायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. त्या दिवशी क्लासमध्ये काय शिकवलं मला आठवत नाही.

संध्याकाळी घरी आले तर शेठ आमच्या खुर्चीत बसलेला. आई दुपारी रिक्षाने एकटी सातिवलीला गेली होती. जन्मात कुणाच्या दारात न गेलेली बाई त्या कारखान्यात जाऊन काय बोलली, कशी बोलली, मला तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. शेठने ऑफिसातून वर्गणी भरून सीडीवर सगळं आणलं होतं. मी चप्पल काढून आत गेले. तो उठून उभा राहिला. "ताई, माझी चूक आहे, मला मालूम आहे. पण हे घ्या." मला वाटलं, सीडी घेऊन मोडून टाकावी. मोडायची मला सवयच होती. पण आईकडे बघितलं. ती माझ्याकडे अशी बघत होती की मी हात पुढे केला आणि सीडी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या तासात ते बसलं. कागद नाही, आज्ञा नाहीत, सहा-सात वेळा हो-हो म्हणायचं की झालं. गेमने सीडी तपासली आणि चक्क सुरू झाला. शेतं, लाकूडतोडे, नदी, सगळं. भाऊ हसला, कितीतरी दिवसांनी. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आनंद होता आणि भयंकर अपमानही होता. दोन्ही एकदम.

दहा-बारा दिवस तो खेळत होता. मी क्लासला निघायचे तेव्हा खेळत असायचा, परत यायचे तेव्हा वीज असली तर खेळत असायचा. मी तिकडे वळूनही बघत नव्हते, रुसले होते ना! मग तपासणीचा दिवस आला. मधल्या तपासण्यांना आई जायची; या वेळी तिला ताप होता म्हणून मी त्याच्याबरोबर गेले.

डॉक्टरबाईंनी मोजपट्टी लावली. पुन्हा लावली. वही उघडली.

"मागच्या वेळी तीन होतं पहिलं बोट," त्या म्हणाल्या. "आता चार. इतकं छान येत होतं! काय करत होता आणि काय बंद केलंत?"

"काही नाही बंद केलं," मी म्हटलं. "उलट गेम आता सुरू झालाय."

"मग आधी काय चालू होतं?"

मी भावाकडे बघितलं. भाऊ खाली बघत होता. बाईंनी वही मिटली. "आणखी तीन आठवडे देते. त्यानंतर ऑपरेशनची तारीख घ्यायची."

घरी आल्यावर मी पहिल्यांदा त्याला खेळताना नीट पाहिलं. माऊस कीबोर्डच्या डाव्या बाजूला होता. तो डाव्या हाताने झरझर खेळत होता. उजवा हात मांडीवर पालथा पडलेला.

मी दारात उभी राहिले आणि सगळं माझ्या डोक्यात एकेक करून बसायला लागलं. स्लॅश कीबोर्डवर उजवीकडे असतो. टिंब उजवीकडे. आडवी रेघ उजवीकडे, आणि अक्षरांच्या तळाशी येणारी ती खालची रेघ हवी असेल तर डाव्या हाताने शिफ्ट धरून ठेवावी लागते, म्हणजे उजवं बोट हलवण्यावाचून इलाजच नाही. एंटर उजवीकडे. तीन आठवडे, रोज दोन तास, माझ्या ओरड्याखाली, पडद्यावर नजर ठेवून, त्याने ती बोटं हलवली होती. हाताकडे बघायला मी त्याला फुरसतच दिली नव्हती. फुकटवाला चालत नव्हता म्हणून बोट येत होतं, आणि पैशाचा चालला म्हणून बोट गेलं.

त्याला हे सांगून उपयोग नव्हता. व्यायाम म्हटलं असतं तर कीबोर्डही कपाटावर गेला असता.

मग मी खोटं बोलले. चोरीवर भाषणं देणारी मी. दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंघोळीला गेलेला असताना पैशाचं सगळं काढून टाकलं आणि तो आल्यावर म्हटलं, "वर्गणी संपली बहुतेक. बंद पडलंय. आपला फुकटवालाच बघू पुन्हा." त्याने टॉवेल वाळत घातला आणि येऊन बसला.

आता गंमत बघा. मी कॅफेतून फुकटवाल्याची नवी आवृत्ती आणली आणि चौथ्या दिवशी, भाऊ घरात नसताना, गेम त्यावर सुरू झाला. सीडीसकट! कुठल्या तरी देशातल्या कुणा भल्या माणसाने ती गाठ सोडवून ठेवली होती. एरवी मी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले असते. त्या दिवशी मला घामच फुटला. अजून अडीच आठवडे जायचे होते.

मी तो बिघडवला. रोज सकाळी तो दूध आणायला खाली गेला की मी बसायचे, एक फाईल दुसऱ्या नावाने लपवायची, एखादी ओळ खोडायची आणि उठून कणीक मळायला लागायचे. माऊसने करणं मला कमीपणाचं वाटायचं, म्हणून तेही आज्ञा टाइप करूनच. मग दहा वाजता कागद घेऊन बसायचं आणि लांबचलांब आज्ञा वाचायच्या, त्यातल्या निम्म्या बिनकामाच्या. तो कंटाळू नये म्हणून रोज एक पायरी पुढे जाऊ द्यायची. आज आवाज आला, उद्या चित्र आलं, परवा नदी आली पण माणसं नाहीत.

"स्लॅश. खालची रेघ. उजव्या... हां, ती. एंटर."

मी आता पडद्याकडे बघत नव्हते, बोटाकडे बघत होते. दुखलं की तो ओठ चावायचा. मी पुढची आज्ञा वाचायचे. एक-दोनदा वाटलं, बस झालं, चालू दे त्याला. मग बाईंची ती मोजपट्टी आठवायची.

तीन आठवड्यांनी आम्ही तिघंही गेलो. बाईंनी मूठ मिटायला सांगितली. पहिलं बोट वाकत वाकत गेलं आणि तळहाताला टेकलं. त्यांनी मोजपट्टी उचललीसुद्धा नाही. मधलं बोट दोन सेंटिमीटरवर थांबलं. ते आजही तिथेच आहे. "ऑपरेशन नको," बाई म्हणाल्या. आईने त्यांचे हात धरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुठल्याच फाईलला हात लावला नाही. दहा वाजता कागद न घेताच खाटेवर बसले. "सुरू कर. आज चालेल बघ."

गेम सुरू झाला. शेतं, नदी, माणसं, सगळं. मी टाळ्या वाजवल्या, "चालला एकदाचा!" असंही म्हणाले, आवाज जरा चढाच लागला. तो वळला नाही, पावणेबारापर्यंत खेळत राहिला.

"आज काही काढलं नाहीस वाटतं," तो म्हणाला.

"काय काढायचं?"

त्याने गेम बंद केला. आज्ञा टाइप करायची टर्मिनलची काळी खिडकी उघडली आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने वरचा बाण दाबला. त्याच्या आज्ञांमागून माझी कालची सकाळ आली. पुन्हा दाबला, त्याच्या आदली. पुन्हा. लपवलेली एकेक फाईल, खोडलेली एकेक ओळ, माझ्याच शिस्तीत, माझ्याच बिनचूक स्पेलिंगमध्ये, ओळीने वर येत होती. सगळ्या क्लासला शिकवलेलं मी स्वतःच विसरले होते.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्या सकाळपासून."

"मग बाण दाबून कामं का नाही केलीस? रोज सगळं पुन्हा टाइप कशाला करत होतास?"

"तू एवढं खोटं बोलत होतीस माझ्यासाठी," तो म्हणाला. "तुला जमत नाही ते. घाम फुटायचा तुला. मला नुसतं टाइपच करायचं होतं."

बाराची घंटा झाली. वीज जाईपर्यंत तो तसाच बाण दाबत बसला आणि मी खाटेवरून त्याचं ते बोट बघत होते.